माजोर्ड्याचे अँथनीबाब

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचं नाव भारतात लहान मुलांनाही माहीत आहे, पण तो माणूस कोण होता असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सिनेसंगीतात त्यांनी व्हायोलिन वाजवलं, अरेंजर म्हणून काम केलं, घरी विद्यार्थी घडवले आणि रागांवर आधारलेल्या, वाद्यवृंदासाठीच्या स्वतःच्या रचना लिहिल्या. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात ते गेले. माझे मामा गिरगावात वाढले आणि जन्मभर ख्याल ऐकत आले. मी लहानपणापासून हनुवटीखाली व्हायोलिन धरून, पुढ्यात कागद ठेवून वाजवायला शिकले. अँथनीबाबांचा विषय निघाला की आमचं एकमत होत नाही. मामांची बाजू मला पटत नसली तरी ती दुबळी नाही, म्हणून आमचं एक बोलणं जवळपास जसंच्या तसं इथे देते.

मामा : तू त्यांच्याविषयी बोलताना दर वेळी हळहळतेस. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. ज्याच्या हाताखाली लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालसारखा माणूस तयार झाला, ज्याच्या शिष्यांत राहुलदेव बर्मनचं नाव घेतलं जातं, त्याचं आयुष्य भरून पावलं म्हणायचं. शिक्षकाच्या वाट्याला याहून जास्त काय येतं?

मी : आयुष्य वाया गेलं असं मी म्हणतच नाही, मामा. आपण त्यांना त्यांच्या विद्यार्थ्यांवरून ओळखतो, सिनेमांवरून ओळखतो, 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यावरून ओळखतो. त्यांनी स्वतः लिहिलेलं मात्र आपल्या कानावर आलेलं नाही. 'सोनातिना इंडियाना', राग सारंगातला कॉन्चर्टो, तोडी थाटातला व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राचा कॉन्चर्टो. संगीतकाराचं संगीतच बाजूला ठेवून त्याचा गौरव करायचा, हे मला सहन होत नाही.

मामा : बरं. मग त्यांना संगीतकार म्हणायचं ते कशावरून? कागदावर लिहिलं म्हणून?

मी : त्यांच्या गावापासून सुरुवात केली पाहिजे. त्यांचे वडील चर्चमधल्या गायनमंडळीचे प्रमुख होते. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडून शाळा असायच्या. तिथला मेस्त, म्हणजे गायनमंडळी सांभाळणारा संगीतशिक्षक, मुलांना आधी सोल्फेज शिकवायचा, म्हणजे कागदावरचा स्वर नजरेनं वाचून गळ्यानं म्हणायचा. मग हातात व्हायोलिन यायचं. शेतकऱ्याचा, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराचा मुलगासुद्धा दहाव्या-बाराव्या वर्षी कागदावरचं संगीत वाचू शकायचा. तेव्हाच्या भारतात दुसरीकडे कुठे असं होतं? अँथनीबाब तर मेस्ताच्याच घरात जन्मले. एकाच वेळी चार आवाज वेगवेगळे चालतात आणि तरी एकच गाणं होतं, हे त्यांच्या कानाला पाळण्यापासून ठाऊक होतं.

मामा : आणि पोट भरायला त्यांना मुंबईला यावं लागलं.

मी : सगळ्यांनाच यावं लागलं. गोव्यात वाजवून घर चालत नव्हतं. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या गावोगावच्या वसतिगृहांमध्ये, आपापल्या गावची माणसं जागा करून द्यायची. कुणी ताजमध्ये जॅझ वाजवला, कुणी संस्थानिकांच्या, पलटणींच्या बँडमध्ये गेला, कुणी मूकपटासमोर बसून वाजवलं. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, सिनेमा बोलू लागला, आणि पडद्यासमोर वाजवणारी माणसं स्टुडिओत शिरली. अँथनीबाब १९४३ च्या सुमारास आले ते नौशाद यांच्या वादकांत. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा!

मामा : हां, आता माझ्या मुद्द्याकडे ये. तो स्टुडिओ हीच त्यांची खरी कर्मभूमी. तू त्याला पोटापाण्याची जागा समजतेस, तिथे तुझं चुकतं. त्या काळची हिंदी गाणी आम्ही ऐकली ती काय नुसत्या चालींसाठी? चाल संपली की मधे व्हायोलिनं उठायची, अंगावर काटा यायचा. ते कुणी लिहिलं?

मी : तेच तर मी म्हणते, कुणी लिहिलं? संगीतकार सिटिंगमध्ये चाल म्हणून दाखवायचा, कधी पेटीवर, कधी नुसती गुणगुणून. अरेंजर ती कागदावर उतरवायचा. मग इंटरल्यूड, गाण्याच्या मागून चालणारी दुसरी सुरावट, कुठे चेलो येईल, कुठे बासरी थांबेल, प्रत्येक वादकाचा वेगळा कागद. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळे एकत्र, टेक सुरू असताना शेवटच्या ओळीत एकाचं चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा वर्षानुवर्षं हे करत होते. सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट होते, 'अलबेला'तला तो जॅझचा तडका आठवा. फ्रँक फर्नांड होते. पडद्यावर यांची नावं आली तर 'सहायक' म्हणून, बहुधा तीही नाहीत. अँथनीबाब याच फळीतले.

मामा : नाव नाही आलं हे वाईटच. ते मी कबूल करतो, त्यात वाद नाही. पण काम मोठं होतं. माझं म्हणणं असं की त्यांचं सर्वांत चांगलं संगीत तिथेच आहे. चाल आपल्या मातीतली, तिला आधार त्यांचा. तिथे रागाला धक्का लागत नव्हता, कारण अडीच-तीन मिनिटांत रागाचा विस्तार करायचाच नसतो. आणि हा माणूस उठून राग घेऊन सिंफनी लिहायला गेला! गोव्याचेच श्रीधर पार्सेकर बघ. पेडण्यातल्या पार्से गावचे. तेच परदेशी वाद्य, पण मांडी घालून बसले, तारा सा-प-सा-प लावल्या आणि हिंदुस्थानी संगीत वाजवलं. व्ही. जी. जोगांनी तेच केलं. वाद्याला रागापुढे वाकवलं. अँथनीबाब रागालाच वाद्यवृंदापुढे वाकवायला निघाले.

मी : पार्सेकर आणि जोग मलाही फार प्रिय आहेत. पण ज्या माणसाच्या कानात चार आवाज एकदम वाजतात, त्यानं त्यातले तीन बंद का करायचे? मुंबईत आल्यावर त्यांनी हिंदुस्थानी संगीत ऐकलं, त्याच्या पार प्रेमात पडले, पंडित राम नारायण यांच्यासारख्या सारंगीवादकाच्या सहवासात राहून ते समजून घेतलं. मजा म्हणून राग घेणारा माणूस नव्हता तो. मेस्ताच्या घरची विद्या आणि ही नवी विद्या, दोन्ही त्यांना सारख्याच जवळच्या होत्या. एक सोडा म्हणणं हे अर्धं माणूसपण सोडा म्हणण्यासारखं आहे. त्यांच्या पूर्ण नावातच दोन्ही आहेत बघा, अँथनी प्रभू गोन्साल्विस.

मामा : माणूस प्रामाणिक होता याबद्दल मला शंका नाही. मी संगीताचं बोलतोय. तोडीचा गंधार तुला माहीत आहे. पेटीवर तो सापडत नाही, त्याहून खाली असतो, आणि तो एका जागी उभाही राहत नाही, ऋषभाकडे झुकतो, परत येतो. आता वीस-पंचवीस व्हायोलिनं तो एकदम कसा लावणार? त्याच्याखाली चेलो आणि डबल बासनं आणखी दोन स्वर धरले, की ऐकणाऱ्याचं ध्यान त्या एका गंधारावरून उडालंच. तोडी मग नुसती स्वरपंक्ती उरते. मींड कागदावर लिहिता येत नाही. खूण करता येते, पण ती घ्यायची कशी हे वर्षानुवर्षं समोर बसून शिकावं लागतं.

मी : तोडीचं तुमचं म्हणणं जड आहे, मी ते झटकणार नाही. पण सारंग घ्या. वृंदावनी सारंगात गंधार नाही, धैवत नाही. म्हणजे षड्जावर सा-ग-प हा कॉर्ड, एकदम वाजणारा स्वरसमूह, बांधताच येत नाही. पाश्चात्त्य संगीत ज्या कॉर्डवर घरी आल्यासारखं टेकतं, तोच इथे मिळत नाही. आता मिळतं काय ते बघा. चढताना शुद्ध निषाद आहे, म्हणून प-नी-रे मिळतो. उतरताना कोमल निषाद, म्हणून नी-रे-म मिळतो. एक आरोहाचा, एक अवरोहाचा. बाहेरून काहीही आणलेलं नाही, रागानंच दिलेले आहेत.

मामा : थांब. सारंगाचा जीव ऋषभात आहे. त्या ऋषभावर येऊन थांबलं की भर दुपार समोर उभी राहते.

मी : आणि ऋषभ त्या दोन्ही कॉर्डांत आहे!

मामा : (थोडं थांबून, मनातल्या मनात म्हणून बघून) प नी रे... नी रे म... आहे खरा. दोन्हीकडे आहे. पण मग षड्जावर आल्यावर काय करशील? तिथे तर तुझ्याकडे काहीच नाही.

मी : तिथे नुसता सा आणि प धरायचा. ते तंबोरा रोजच करतो. आपल्याकडे दोन स्वर एकदम वाजतच नाहीत असं आपण म्हणतो, पण तंबोऱ्याच्या चार तारा मागे वाजत असल्याशिवाय तुमचा एकही गवई तोंड उघडत नाही. बेला बार्तोकनं हंगेरी-रुमानियाच्या खेड्यांतली गाणी घेतली तेव्हा त्याच्यासमोर हाच पेच होता. सुरावटी जुन्या, त्यांना शहरी कॉर्ड लावले तर त्या मरत होत्या. त्यानं सुरावटीच्या पोटातून कॉर्ड काढले. हे काम होऊ शकतं. त्याला दोन्हीकडचं जाणणारा माणूस लागतो, आणि १९५० च्या आसपासच्या मुंबईत असा माणूस वांद्र्याला राहत होता.

मामा : बार्तोकला त्याचं काम ऐकवायला वाद्यवृंद होते. त्याच्या देशात ती परंपराच होती.

मी : म्हणूनच अँथनीबाबांनी वाद्यवृंदही स्वतःच उभा केला. १९५८ मध्ये, इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा. शंभरावर वादक, बहुतेक स्टुडिओतलेच सहकारी. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम केला आणि एकल गायनासाठी उभे केले लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना. जरा डोळ्यांपुढे आणा, मामा. रोज दुसऱ्याच्या चालीखाली वाजवणारे गोव्याचे वादक पांढरे शर्ट घालून खुर्च्यांवर बसलेत, पुढ्यात आपल्याच माणसानं लिहिलेले कागद, आणि रागावरचं गाणं लता गातेय. शर्टांचा रंग माझ्या मनातला आहे, बाकी सगळं घडलेलं आहे. रविशंकरांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर सतारीचा कॉन्चर्टो केला तो १९७१ मध्ये. त्याच्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट.

मामा : रविशंकरांनी त्याआधी आकाशवाणीवर वाद्यवृंद केला होता, हे विसरू नकोस. त्यांच्यामागे सरकारी संस्था होती, पुढे सगळं जग होतं.

मी : आणि अँथनीबाबांच्या मागे कुणीही नव्हतं. म्हणून तो वाद्यवृंद टिकला नाही. शंभर माणसांना तालमीसाठी जागा लागते, वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे लागतात. वादक दिवसाच्या कामावर जगत होते. तालमीचा एक दिवस म्हणजे एक रेकॉर्डिंग बुडालं. गाण्यांना पैसा देणाऱ्या निर्मात्यांना याची गरज नव्हती. तुमच्यासारखे ख्याल ऐकणारे म्हणाले, हे आपलं नाही. पाश्चात्त्य संगीत ऐकणारे मुंबईकर बीथोव्हेन ऐकायला यायचे, सारंग ऐकायला नाही. त्या रचना चांगल्या होत्या की वाईट याचा निवाडा तेव्हा झालाच नाही. त्या पुरेशा न ऐकताच बाजूला पडल्या. 'प्रयोग फसला' असं तुम्ही म्हणता तेव्हा मला राग येतो तो यामुळे. फसायला आधी तो नीट व्हावा लागतो.

मामा : ...हे मात्र खरं आहे. मी ऐकलेलं नाही आणि तरी बोलतोय. पण पुढे त्यांनी तो धागा सोडलाच ना? १९६५ मध्ये अमेरिकेला गेले.

मी : सिरॅक्यूज विद्यापीठाची प्रवासवृत्ती मिळाली म्हणून गेले. तिथल्या संगीतकारांच्या संघटनेचे सदस्य झाले. परत आल्यावर सिनेमात रमले नाहीत. माजोर्ड्याला गेले आणि तिथेच राहिले. समुद्र जवळ, गावची माणसं, जुनं घर. मुंबईत नवी पिढी आली होती, तिला त्यांची आठवण उरली नाही. १९७७ मध्ये मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी' आला, आणि माणसाच्या उंचीच्या ईस्टरच्या अंड्यातून बाहेर येऊन अमिताभ बच्चन स्वतःचं नाव सांगू लागला ते यांचं. प्यारेलालनीच सांगितलं आहे, पात्राचं नाव आधी फर्नांडिस होतं, ते चालीत बसेना, तेव्हा त्यांनी आपल्या गुरूचं नाव सुचवलं.

मामा : आणि यावरूनही तू नाराज!

मी : प्यारेलालवर नाही. त्यांच्या मनात भक्तीच होती. पण त्या गाण्यानंतर नाव एका मजेशीर पात्राचं झालं. नाव इतकं मोठं झालं की त्यामागे कुणी माणूस असेल अशी शंकाही कुणाला येईना.

मामा : मला ते गाणं वेगळं दिसतं. आपल्याकडे गवई मैफिलीत गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतो. सिनेमात कान धरायला जागा नाही. प्यारेलालनं जिथे त्याचं राज्य होतं तिथे, गाण्याच्या तोंडालाच गुरूचं नाव ठेवलं. ते किशोरकुमारच्या तोंडून देशभर गेलं. मला तर यात शिष्याची हुशारी आणि माया दोन्ही दिसतात. आणि आता माझं ऐक, कारण तू शिक्षक या गोष्टीवरून फार पटकन पुढे जातेस. प्यारेलाल त्यांच्याकडे गेला तेव्हा आठेक वर्षांचा होता. बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्याचा मुलगा. बारा वर्षांचा झाला तेव्हा घरची परिस्थिती खालावली आणि त्याला रणजित स्टुडिओत वाजवून घर चालवावं लागलं. त्या वयाच्या मुलाला कुणी काम कसं दिलं? त्याला कागद वाचता येत होता म्हणून! समोर ठेवलेलं पान बघून तो मोठ्यांच्या बरोबरीनं वाजवू शकत होता.

मी : हो. स्टुडिओत त्याहून मोठं भांडवल नाही.

मामा : मग? माजोर्ड्याच्या चर्चमधून जी विद्या निघाली ती लिंकिंग रोडवरच्या घरात उत्तरेकडून आलेल्या एका हिंदू बँडवाल्याच्या मुलाला मिळाली. गोव्याच्या कॅथलिक वादकांची ती घरची दौलत होती. सिनेमात त्यांना काम मिळत होतं ते त्याच जोरावर. ती आपल्यापुरती राखून ठेवली असती तर त्यांचाच धंदा टिकला असता. अँथनीबाबांनी ती दिली. आमच्या घराण्यांचे उस्ताद चिजा लपवायचे, अस्थायी द्यायचे आणि अंतरा ठेवून घ्यायचे, हे तुला माहीत आहे. या माणसानं तसं केलं नाही. आणि जे दिलं ते किती लांब गेलं बघ. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची गाणी काढ, भरगच्च व्हायोलिनं ऐक. प्यारेलालना २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्यात मला तरी अँथनीबाबांचा वाटा दिसतो. तू म्हणतेस त्यांचं संगीत कुणी ऐकलं नाही. मी म्हणतो, सगळ्यांनी ऐकलंय.

मी : यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, मामा. चर्चची विद्या घराबाहेर दिली, हे तुम्ही म्हणालात तसं मी कधी पाहिलं नव्हतं. तरीही एक सांगते. मलाही शिक्षकांनी घडवलं आहे, त्यांनी मला काय दिलं हे मी रोज वाजवताना अनुभवते. पण त्यांच्यापैकी एखाद्यानं स्वतः काही लिहून ठेवलं असतं आणि मी ते कधी वाजवलंच नसतं, तर त्यांचं माझ्यातून चाललेलं काम त्या रचनेची भरपाई करू शकलं नसतं. शिष्यात गुरू उतरतो तो शिष्याच्या पसंतीइतकाच. प्यारेलालनी त्यांच्याकडून घेतलं ते गाण्याला उपयोगी पडेल तेवढं. सारंगातला अख्खा कॉन्चर्टो गाण्यात मावत नाही. तो फक्त अँथनीबाबांच्या कागदावरच आहे.

मामा : तुझ्या त्या प-नी-रेमुळे मला आता स्वस्थ बसवत नाही. पण मला तोडी ऐकायची नाही, आधीच सांगतो. सारंग ऐकेन.

मी : तोडीही ऐका. तुम्ही आक्षेप घेतलेलं सगळं तिथे खरं ठरतं का, ते तुमच्याच कानांनी कळेल.

मामा : ऐकवणार कोण? १९५८ चा वाद्यवृंद टिकला नाही, आणि आताही तसा वाद्यवृंद नाही.

मी : आहे. तेच तर आता बदललंय. मुंबईत २००६ पासून एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पूर्ण ताफ्याचा, दर वर्षी कार्यक्रम करणारा. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवलं जातं. अँथनीबाबांनी वाद्यवृंद उभा केला तेव्हा त्यांना असा आधार नव्हता.

मामा : मग त्यांना पत्र लिही. माझ्याशी भांडून काय होणार? आणि ऐकून झाल्यावर मला आवडलं नाही, तर ते सांगायची मला मुभा पाहिजे.

ती मुभा मामांना आहे, आणि प्रत्येक ऐकणाऱ्याला असली पाहिजे. अँथनी गोन्साल्विस यांना श्रद्धांजलीची गरज नाही, त्यांच्या रचना तालमी करून, पुरेसा वेळ देऊन वाजवल्या जाण्याची गरज आहे. मुंबईच्या आणि गोव्याच्या वाद्यवृंदांनी सारंगातल्या कॉन्चर्टोपासून सुरुवात करावी. आणि गोव्यात, वांद्र्याला किंवा परदेशात गेलेल्या जुन्या वादकांच्या घरी, पेट्यांत, माळ्यांवर त्यांच्या हातच्या स्वरलेखनाची पानं कुणाकडे असतील, तर ती कृपा करून कला अकादमीपर्यंत पोचवावीत.